पुढचा दात

कवळीबाईंना समुद्र आवडत नव्हता. आता यात विशेष काही नाही, कारण त्यांना डोंगरही आवडत नव्हता, बागही आवडत नव्हती, आणि शेजारीण तर दोन्ही बाजूंची आवडत नव्हती. पण समुद्रावरचा राग जरा खास होता. एवढं पाणी आणि उपयोग शून्य, असं त्यांचं म्हणणं. ना पिता येत, ना त्यात कपडे धुता येत, आणि लोक मात्र त्याच्याकडे तोंड करून असे बसतात, जशी काही तिकडून बस येणार आहे.

कवळीबाई हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका लांबट खोलीत त्या जन्मभर दात करत बसल्या होत्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, त्यावर बाई प्लॅस्टरचा साचा ओतायच्या, कवळ्या करायच्या, कॅपा करायच्या, भट्टीतून दात भाजून काढायच्या. पाठीमागे सगळी गल्ली त्यांना कवळीबाई म्हणायची आणि समोर नुसतं 'बाई'. समोर जास्त बोलायची कोणाची छाती नव्हती. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत त्या. "डॉक्टर, हे माप घेतलंत की पेशंट तुमचं बोट चावला?" असं एका बड्या डॉक्टरला त्यांनी फोनवर विचारलं होतं, आणि तो बिचारा पुन्हा माप घेऊन मुकाट्याने आला होता.

गंमत अशी, की जगाला दात पुरवणाऱ्या या बाईंचा स्वतःचाच एक दात नव्हता. वरचा, सुळ्याच्या अलीकडचा, अगदी हसल्यावर दिसेल असा. पडून वर्षं लोटली. स्वतःचं माप स्वतःला धड घेता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातचा दात तोंडात घालायचा म्हणजे, "शी! त्यापेक्षा भोक बरं." म्हणून त्या सहसा हसतच नसत. अगदीच हसू आलं तर तोंडावर हात धरायच्या. धाकट्या मुलीलाही तीच सवय लागली होती. लोक म्हणायचे, अगदी आईवर गेली हो.

तर येत्या सोमवारी ही खोली बंद होणार होती. खोलीची चावी शेजारच्या मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं ठरलं होतं आणि बाईंचं कामाचं टेबल न्यायला भंगारवाला येणार होता. गल्लीत बाईंनी कारण सांगितलं होतं, की हल्ली दाताची पारख कोणाला राहिली नाही, माकडांसाठी मोती कोण घडवणार! खरं कारण त्यांच्या पोटात होतं. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या कॅपा परत येऊ लागल्या होत्या. रंग जुळत नाही म्हणे. पहिल्या डॉक्टरला त्यांनी आंधळा म्हटलं, दुसऱ्याला त्याहून वाईट काहीतरी म्हटलं. तिसरी कॅप परत आली तेव्हा मात्र त्यांनी दार लावून घेतलं, रंगांची पट्टी, म्हणजे नमुन्याचे दात ओळीने लावलेली ती पट्टी, घेऊन त्या खिडकीत उभ्या राहिल्या. शेजारशेजारचे दोन दात त्यांना एकाच रंगाचे दिसले. पुन्हा डोळे पुसून पाहिलं, तरी तेच. त्या दिवशी बाई त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. त्या टेबलात त्यांचा जीव अडकला होता, नवऱ्यात कधी अडकला नसेल इतका. पण हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही, पोरींना तर नाहीच.

"अगं, पण धाकटीला तरी विचार," थोरली फोनवर म्हणाली होती.

"कोणाला? त्या रडूबाईला? तिच्या हातात मेणसुद्धा थरथरतं."

यालाही इतिहास होता. शाळा संपल्यावर धाकटी हौसेने आईच्या टेबलाशी येऊन बसली होती. सकाळपासून खपून तिने मेणाचा एक दात कोरला आणि आईपुढे धरला. "दात आहे की लसणाची पाकळी?" असं म्हणून बाईंनी तो तिच्यासमोरच दिव्यावर धरला आणि वितळवून टाकला. शिकवायची त्यांची हीच पद्धत होती, त्यांच्या गुरूनेही त्यांना असंच शिकवलं होतं. फक्त बाई दुसऱ्या दिवशी डबल जिद्दीने गुरूकडे गेल्या होत्या आणि धाकटी परत त्या खोलीत फिरकली नाही. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ राहत होती आणि तिथल्या एका दवाखान्यात नोकरीला होती. माझी मुलगी फोन उचलते, हे सांगताना बाई दुसरीकडे बघायच्या.

"रविवारी तिच्याकडे जातेयस ना?" थोरली म्हणाली. "तिला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. आई, मी हात जोडते तुला. एक दिवस, फक्त एक दिवस तोंड आवर."

बाईंनी लगेच ओळखलं काय बोलायचंय ते. आता दुकान बंद, आई एकटी, मग आई आमच्याकडे राहायला ये. नकार त्यांनी बसमध्येच तयार करून ठेवला.

आणि समुद्र दाखवायला नेलं म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. मुलीचं घर, दोन खोल्या आणि एक नखाएवढी गॅलरी, बघून झाल्यावर जावई टोपी घालून तयारच होता. जावई नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरीला. सोमवार ते शनिवार माणसासारखा माणूस, पण रविवारी हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी आणि पायात रबरी बूट घालून तो खडकांत ओणवा होऊन किडे बघायचा. वजन उचलायचा पट्टा असतो तसा काहीतरी पट्टा कमरेला, त्यात चिमटा, ब्रश आणि एक डबी.

"चला आई, ओहोटी मस्त लागलीय! आज तळी सगळी उघडी असतील."

"तळी?" बाई म्हणाल्या.

"खडकांतली तळी. भरतीचं पाणी मागे राहतं ना, त्यात काय काय असतं! बघाच तुम्ही."

दोन उंच इमारतींच्या मधून, गाड्या लावायच्या जागेतून, सांडपाण्याच्या पंपाच्या खोलीला वळसा घालून एक लोखंडी जिना खाली उतरत होता. जिन्याला गंज चढलेला, कठड्याला कोणाचा तरी एक मोजा वाळत घातलेला. बाई एकेक पायरी उतरत होत्या आणि प्रत्येक पायरीला एकेक उद्गार काढत होत्या. धाकटी पुढे होऊन हात देत होती, तो त्या घेत नव्हत्या.

"हा बीच?" खाली आल्यावर त्या म्हणाल्या. "मला वाटलं अजून रस्ताच चाललाय."

त्यांचं तरी काय चुकलं? कोणी एक गोणी वाळू आणून ओतावी आणि झाडायला विसरावं, एवढीच वाळू होती. बाकी सगळा काळा, खडबडीत, शेवाळलेला खडक, आणि खडकात जागोजागी साचलेलं पाणी. वर इमारतींच्या गॅलऱ्यांत लोकांचे कपडे फडफडत होते. खाली गर्दी मात्र अशी, जशी इथे काही फुकट वाटत आहेत. एक बाई चटईवर उलटी होऊन पाय आभाळाकडे करून उभी होती. एक गृहस्थ कमरेएवढ्या पाण्याच्या खळग्यात बसून डोळे मिटून सुस्कारे सोडत होते. एक जोडपं फोन काठीला लावून आपलेच फोटो काढत होतं. मुलगी प्रत्येक फोटोच्या वेळी दचकल्यासारखं हसायची आणि फोटो निघाला की तिचं तोंड पुन्हा पडायचं.

"वरचे चार दात मढवून घेतलेत तिने," बाई पुटपुटल्या. "बाथरूमच्या टाइल्स बसवल्यात. आणि त्या पाण्यातल्या गृहस्थांची कवळी सैल आहे. बघ बघ, सुस्कारा सोडला की खाली येते."

"आई, हळू बोल ना."

"का? त्यांना ठाऊक नाही का?"

धाकटी हसली. अगदी खळखळून हसली, तोंड उघडं ठेवून. बाईंच्या लक्षात आलं, की आज हिचा हात तोंडावर गेला नाही. चला, गेली एकदाची ती घाणेरडी सवय, असं त्यांना वाटलं आणि बरं वाटलं. पण बरं वाटल्याचं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

जावईबापू एव्हाना एका डबक्यापाशी गुडघ्यावर आले होते. "आई, इकडे या! समुद्रफूल आहे. बोट लावा, हळूच."

"मी कशाला बोट लावू? मला काय ते विकत घ्यायचंय?"

"बघा, कसं मिटतं!" त्याने स्वतःच बोट लावलं. पाण्यातलं ते मऊ झुलणारं काहीतरी आखडून एवढंसं झालं. जावई मान वर करून बघत राहिला, जणू त्यानेच ते शिकवलं होतं.

"तुम्ही सारखं बोट लावता म्हणून मिटतं ते बिचारं. कंटाळलं असेल तुम्हाला."

"आणि हा बघा शंखातला खेकडा. याला स्वतःचं घर नसतं. मोठा झाला की जुना शंख सोडतो आणि दुसऱ्याचा रिकामा शंख शोधतो."

"भाडेकरू," बाई म्हणाल्या. "त्यात काय बघायचं? आमच्या गल्लीत ढिगाने आहेत. उद्यापासून माझ्या खोलीतही एक येतोय."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा चिरकला, म्हणून त्यांनी लगेच पुढचं डबकं नावं ठेवायला घेतलं. पाणी गढूळ. शेवाळ बुळबुळीत. खडकावरची ती पांढरी टोकदार कवचं म्हणजे पायरिया झालेल्या दातांवरचं कीटण, हुबेहूब. जावई म्हणाला, आई, तुमची नजर भारी आहे. बाईंना तो टोमणा वाटला आणि त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने पुन्हा खेकड्याकडे वळला.

मग एका सपाट खडकावर चादर अंथरून तिघे खायला बसले. उकडलेली अंडी, पाव, थर्मासमधला चहा. अंड्यांवर मीठ कमी होतं, चहात साखर जास्त होती, आणि खडक, बाईंच्या मते, मुद्दाम टोचत होता. धाकटी अंडं सोलत होती. सोलून झालेलं अंडं ती नुसतं हातात फिरवत बसली. आता विचारणार, असं म्हणून बाई सरसावून बसल्या.

"आई, टेबलाचं काय केलंस?"

"कसलं टेबल?"

"तुझं. कामाचं."

हा प्रश्न बाईंच्या अंदाजात नव्हता. "सोमवारी भंगारवाला नेईल."

"मला दे."

"तुला? तुला कशाला? कुंड्या ठेवणार? तुमच्या त्या गॅलरीत टेबल गेलं तर तुम्हा दोघांना जिन्यात झोपावं लागेल."

"कुंड्या नाही गं. मी म्हणत होते, की टेबल तिथेच राहू दे. खोलीही राहू दे. मी येत जाईन." धाकटीने अंडं दुसऱ्या हातात घेतलं. "मी बसेन तिथे."

बाई हसल्या. तोंडावर हात धरून, पण असं हसल्या, की चटईवरच्या उलट्या बाईने पाय खाली घेतले.

"तू बसणार? काय करायला? फोन उचलायला? अगं, तिथे फोन महिन्यातून एकदा वाजतो."

"आई..."

"नाही, मला कळू दे तरी. दात म्हणजे काय गंमत वाटली का तुला? या जावईबापूंनी किडे बघायला सुरुवात केली तशी? जन्म जातो, जन्म! माझ्यानंतर या शहरात दात करणारा राहिला नाहीये, सगळे गवंडी उरलेत. साचा आला की चुना भरायचा आणि द्यायचा पाठवून." त्या आता ऐकत नव्हत्या. एक दिवस तोंड आवर, हे थोरलीचं बोलणं त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की त्यांचा त्यांनाच थांबवता यायचा नाही. "लसणाच्या पाकळ्या करणाऱ्यांनी माझ्या टेबलाचं नाव काढू नये. त्यापेक्षा भंगारवाला परवडला, त्याला निदान ते लाकडाचं आहे एवढं तरी कळतं!"

धाकटीने अंडं खाली ठेवलं. तिचे ओठ घट्ट मिटले होते.

जावई मध्ये पडला. "आई, पण समजा एखाद्याला येत असेल तर?"

"आणून दाखवा! माझ्यासारखा दात करणारा आणून दाखवा, टेबल काय, चावी देते, खोली देते, वर त्याच्या पाया पडते." बाईंनी पुढे होऊन मुलीची हनुवटीच धरली. "दात म्हणजे काय ते बघायचंय तुम्हाला? हा बघा. रोज तुमच्यासमोर असतो आणि तुम्ही खेकडे बघत फिरता! ओठ वर कर गं. कर म्हणते ना. सायकलवरून पडली होती सतराव्या वर्षी, समोरचा दात अर्धा तुटला. ही कॅप मी केलीय. ओळखून दाखवा कुठला खोटा ते! नाही ओळखता येत ना? ती कड बघा, कशी पातळ उतरलीय, आरपार उजेड जातो. आणि ती केसाएवढी रेघ. गुळगुळीत दात कोणीही करेल, दात वापरातला दिसला पाहिजे. हे हात लागतात त्याला, हात! असा दात या शहरात दुसरा कोणी करून दाखवावा. हा दात बघितला की मला वाटतं, चला, जन्म अगदीच फुकट गेला नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांना वाटलं, लागलं हिच्या मनाला, लागू दे. पण मुलगी रडत होती की हसत होती ते नीट कळत नव्हतं. आणि जावयाला अंड्याचा ठसका लागला होता.

"काय झालं दात काढायला?" बाई कडाडल्या.

"आई," जावई खोकत खोकत म्हणाला, "तुमचा दात त्या तळ्यात आहे."

"तू गप्प बस रे," धाकटी म्हणाली.

"कुठल्या तळ्यात? काय बडबडताय?"

त्याने अंड्याच्या हाताने मघाच्याच डबक्याकडे बोट दाखवलं. "त्या. गेल्या वर्षी ही इथेच घसरली, तोंडावर आपटली. कॅप निघाली ती थेट पाण्यात. आम्ही भरती येईपर्यंत शोधली, नाही सापडली. आता त्यात एखादा खेकडा राहत असेल."

बाईंनी मुलीची हनुवटी अजून सोडली नव्हती. "मग हा कोणी केला?"

धाकटीचं तोंड लसणाची पाकळी पुढे धरली होती त्या दिवशी होतं तसंच झालं होतं.

"खोटं," बाई म्हणाल्या.

"फोन उचलणं सोडून दोन वर्षं झाली, आई. दवाखान्याच्या मागच्या खोलीत लॅब आहे. आधी साचे ओतायला बसवलं, मग मेण, मग भट्टी. तुला सांगायची हिंमत झाली नाही. हा माझा पहिला, जो मी तोंडात राहू दिला. त्याआधीचे सगळे वितळवले, तू माझा वितळवला होतास तसेच."

बाईंनी पर्स उघडली. भिंग त्यांच्या पर्समध्ये कायम असायचं, लोकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसं. त्यांनी मुलीला खडकावर उन्हाकडे तोंड करून बसवलं, अंगठ्याने तिचा ओठ वर केला आणि भिंग डोळ्याला लावून त्या दातावर ओणव्या झाल्या. जावई खळग्यांवर होतो ना, अगदी तशाच. चटईवाली बाई जवळ येऊन विचारू लागली, काही लागलं का हो, डॉक्टरांना बोलवू का?

"तुम्ही उलट्या व्हा बघू," बाई मान न वळवता म्हणाल्या.

त्या दोष शोधत होत्या. नुसतं बघत नव्हत्या, शोधत होत्या, डोळ्यांत तेल घालून. हिरडीपाशी फट असेल. नव्हती. कड जाड असेल. नव्हती. मग त्यांना ती रेघ दिसली. त्यांनी स्वतः दिलेली रेघ डाव्या अंगाला होती, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. ही उजव्या अंगाला होती.

"रेघ चुकली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जवळजवळ आनंद होता.

"चुकली नाही. शेजारच्या दाताला आता उजवीकडे रेघ पडलीय, बघ. तेव्हा नव्हती. मग मी त्याच्या जोडीने दिली." धाकटी त्यांच्या अंगठ्याखालूनच बोलत होती. "आणि रंगही तुझ्यापेक्षा उतरवलाय. आई, तुझी कॅप सुंदरच होती. पण ती सतरा वर्षांच्या पोरीची होती. माझे बाकीचे दात वयाने पुढे गेले, पिवळे झाले, झिजले. ती एकटी सतराव्या वर्षातच राहिली. तोंड उघडलं की नुसता दिवा लागायचा. म्हणून तर मी तोंडावर हात धरायचे."

बाईंनी भिंग खाली घेतलं. "मला कोणी बोललं नाही."

"तुला कोण बोलणार?"

हे ती रागाने म्हणाली नाही, तेच वाईट होतं. साधं, खरं ते म्हणावं तसं म्हणाली. बाईंच्या डोळ्यांसमोरून थोरली गेली, डॉक्टर गेले, सगळी गल्ली गेली. पोर बरीच वर्षं तोंड झाकून हसत होती आणि आपण मिरवत होतो, की आईवर गेली.

"वर्ष झालं हा दात बसवून," धाकटी म्हणाली. "मी तीनदा तुझ्याकडे जेवायला आले. दर वेळी मला वाटायचं, आता ओळखेल आणि शिव्या देईल. मी वाट बघायचे शिव्यांची. मग वाटलं, मुद्दाम बोलत नाहीये. आणि आज तू..."

आज आपण काय काय बोललो ते बाईंना शब्दन् शब्द आठवत होतं. कड कशी उतरलीय. हे हात लागतात. जन्म फुकट गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुलीच्या हाताचं कौतुक केलं होतं, तेही स्वतःचं समजून! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिभेवर नेहमीसारखं काहीतरी तिखट तयार झालं होतं, की असेल एखादा दात जमून गेला, की तुझ्या लॅबवाल्याने हात फिरवला असेल. एवढं बोललं असतं तर टेबल भंगारात गेलं असतं आणि बाईंची इभ्रत शाबूत राहिली असती. ते तिखट त्यांनी गिळून टाकलं.

"मला दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रंग दिसत नाहीत. दोन शेजारचे दात एक दिसतात. कामं परत येताहेत. म्हणून देतेय खोली, दुसरं काही नाही. भंगारवाल्याच्या नावाने मी रोज रडते."

पाणी वळलं होतं. पहिली लाट खळग्यांवरून सरपटत आली आणि बाईंच्या चपलांत शिरली. पाण्यातले गृहस्थ कवळी सांभाळत बाहेर निघाले. जावई घाईघाईने चादर गोळा करू लागला. अंड्यांची टरफलं त्याने डबीत भरली, ती किड्यांची डबी होती हे त्याच्या लक्षात आलं नाही.

जिन्याशी आल्यावर बाई थांबल्या. धाकटीने हात पुढे केला होता. या वेळी त्यांनी तो धरला, उलटासुलटा करून बघितला, बोटांच्या पेरांवर भट्टीचे चटके होते. त्यांच्या बोटांवर होते अगदी तिथेच.

"सोमवारी सकाळी ये," त्या म्हणाल्या. "त्या कव्हरवाल्याला काय सांगायचं ते मी सांगेन. भंगारवाल्यालाही."

"खरंच?"

"आणि येताना माप घ्यायचं सामान आण. माझ्याकडचं वाळून दगड झालंय."

"कोणाचं माप घ्यायचंय?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग बोटाने स्वतःचा ओठ वर उचलला आणि भर दिवसा, लोकांच्या देखत, सुळ्याच्या अलीकडचं ते भोक तिला दाखवलं.

धाकटीने वाकून त्या तोंडात पाहिलं. मग डोळे पुसून, अगदी कामाच्या आवाजात तिने विचारलं, "रंग कुठला देऊ?"

"मला काय विचारतेस?" बाई खेकसल्या आणि तिच्या हाताचा आधार घेऊन पहिली पायरी चढल्या.